कौम कशानं बनते? मौलाना हुसेन अहमद मदनी यांची गोष्ट

फाळणीची गोष्ट आपल्याला बहुतेकदा चार-पाच नावांत सांगितली जाते. गांधी, नेहरू, जिना, पटेल, माउंटबॅटन. फार तर मौलाना आझाद. आणि मनात एक सोपं समीकरण बसलेलं असतं, की माणूस जितका कट्टर धार्मिक तितका तो पाकिस्तानच्या बाजूचा. आज ज्यांची गोष्ट सांगतोय, ते या समीकरणात कुठेच बसत नाहीत. पाकिस्तान मागणारे जिना सुटाबुटातले बॅरिस्टर. आणि त्या मागणीला कुराण-हदीसचे दाखले देऊन विरोध करणारे हे लांब दाढीचे, खादी घालणारे, देवबंदच्या मदरशात हदीस शिकवणारे मौलाना हुसेन अहमद मदनी.

जन्म १८७९चा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ इथं. वडील शाळामास्तर. लहानपणीच मुलाला देवबंदच्या दारुल उलूममध्ये घातलं. तिथं त्यांना गुरू भेटले मौलाना महमूद हसन. पुढचं सगळं आयुष्य या नात्यातून उलगडत जातं. १८९९च्या सुमारास घरातली मंडळी कायमची मदिनेला जायला निघाली, हुसेन अहमदही गेले. तिथं मशिदीत बसून त्यांनी वर्षानुवर्षं हदीस शिकवली. नावापुढचं 'मदनी' आलं ते तिथून.

म्हणजे बघा, हा माणूस तिथंच राहिला असता तर एक मोठा विद्वान म्हणून सुखानं जगला असता. पण पहिलं महायुद्ध आलं. १९१५ साली महमूद हसन हिजाजमध्ये पोचले. तुर्कांच्या मदतीनं हिंदुस्थानातलं इंग्रजी राज्य उलथायचं, असा त्यांचा बेत होता. १९१६मध्ये काबूलहून त्यांचे शिष्य उबैदुल्ला सिंधी यांनी पिवळ्या रेशमी कापडावर लिहिलेली पत्रं इंग्रजांच्या हाती लागली. हाच तो 'रेशमी रुमाल' कट. तिकडे मक्केच्या शरीफ हुसेननं तुर्कांविरुद्ध बंड केलं होतं, इंग्रजांच्या पाठिंब्यानं. तुर्कांना काफर ठरवणाऱ्या फतव्यावर सही करायला महमूद हसननी नकार दिला. शरीफनं त्यांना पकडून इंग्रजांच्या ताब्यात दिलं. मदनी गुरूंबरोबर गेले. म्हातारे, आजारी गुरू एकटे कसे जातील, हा त्यांचा प्रश्न होता.

१९१७च्या फेब्रुवारीत ही मंडळी माल्टा बेटावर पोचली. तिथं जर्मन, ऑस्ट्रियन, तुर्क असे हजारो युद्धकैदी होते. तीन वर्षं काढली. बरोबरचे हकीम नुसरत हुसेन तिथंच वारले. मदनींनी या काळात कुराण तोंडपाठ केलं. १९२०च्या जूनमध्ये सुटका होऊन बोट लागली ती आपल्या मुंबईच्या बंदरात. खिलाफत चळवळीच्या लोकांनी जोरदार स्वागत केलं. पण गुरू थकले होते, नोव्हेंबर संपता संपता ते गेले. जाता जाता त्यांनी शिष्यांना एक दिशा दिली होती. गुप्त कट पुरे. आता हिंदूंबरोबर, गांधींच्या असहकारात, उघड लढाई.

मदनींनी ती लगेच करून दाखवली. जुलै १९२१मध्ये कराचीला खिलाफत परिषद भरली. इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणं मुसलमानाला हराम आहे, असा ठराव तिथं झाला. ठरावामागची धार्मिक भूमिका मांडणाऱ्यांत मदनी होते. सरकारनं खटला भरला, कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये. आरोपी कोण? मोहम्मद अली, शौकत अली, डॉ. किचलू, मदनी, आणखी दोघं, आणि सातवे शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ! तेच, ज्यांच्या नावानं पुढे 'वैदिक गणित' प्रसिद्ध झालं. मौलाना आणि शंकराचार्य एकाच पिंजऱ्यात. शंकराचार्य सुटले, बाकी सहा जणांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

सुटल्यावर काही काळ सिल्हटला शिकवलं. मग १९२७-२८च्या सुमारास देवबंदला मुख्य अध्यापक झाले आणि शेवटपर्यंत राहिले. सकाळी हदीसचा तास आणि मग सभेसाठी रेल्वेचा प्रवास, असं त्यांचं आयुष्य.

आता या गोष्टीचा गाभा. १९३८च्या सुरुवातीला दिल्लीतल्या एका सभेत मदनी बोलले, की आजच्या जगात कौम बनते ती वतनावरून, धर्मावरून नाही. परदेशात कुणी विचारत नाही तू हिंदू की मुसलमान. हिंदुस्थानी म्हटलं की सगळे एकच. काही वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती 'कौम'ऐवजी 'मिल्लत' शब्द घालून. शब्द एवढासाच बदलला, पण अर्थ पार उलटा झाला. मिल्लत म्हणजे धर्माचा समाज. मुसलमानांचा धर्मसमाजच मुलखावरून ठरतो, असं एका देवबंदी मौलानानं म्हणावं? लाहोरला अंथरुणाला खिळलेले कवी इक्बाल संतापले. त्यांनी फारसीत मोजक्या ओळींची एक कविता लिहिली, मदनींना पैगंबरांचा संदेशच कळला नाही असं सुचवणारी. ती वणव्यासारखी पसरली. दोघांमध्ये मध्यस्थामार्फत पत्रव्यवहार झाला. मदनींचा खुलासा वाचून, आता आपल्याला आक्षेप घ्यायचं कारण उरलं नाही, असं इक्बालनी जाहीर केलं. २१ एप्रिल १९३८ला ते गेले. वाद मिटला, पण कविता राहिली. आजही ती ऐकवली जाते; खुलासा फारसा कुणाला माहीत नसतो.

मदनींनी मग एक छोटं पुस्तकच लिहिलं, 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम'. संयुक्त राष्ट्रीयत्व आणि इस्लाम. यातला युक्तिवाद नीट समजून घ्यायला हवा. 'धर्म जरा बाजूला ठेवू आणि एकत्र राहू' असं ते म्हणतच नाहीत. ते म्हणतात, कुराण उघडा. नूह, हूद, सालेह हे पैगंबर आपल्याला न मानणाऱ्या लोकांना काय म्हणून हाक मारतात? 'हे माझ्या कौम!' म्हणजे श्रद्धा वेगळी असली तरी कौम एक असू शकते. दुसरा दाखला मदिनेच्या कराराचा. पैगंबरांनी मदिनेत आल्यावर तिथल्या ज्यू टोळ्यांना बरोबर घेऊन करार केला. धर्म ज्याचा त्याला, संरक्षण सगळ्यांचं मिळून. हाच नमुना हिंदुस्थानात का चालू नये? मदिनेत राहून आलेल्या माणसानं हे सांगण्याला वजन होतं.

पण इथेच एक अडचणही आहे, ती लपवून चालणार नाही. मदनींच्या संयुक्त राष्ट्रात प्रत्येक धर्माचा कौटुंबिक कायदा त्या त्या धर्माच्या हाती राहणार होता. इंग्रजांना घालवायचं ते शरियत नीट पाळता यावी म्हणूनही. आपल्याकडे हमीद दलवाईंनी अशा उलेमांच्या राष्ट्रवादावर नेमकं इथेच बोट ठेवलं. १९६६ला तलाकपीडित स्त्रियांचा मोर्चा काढणाऱ्या दलवाईंना, देश एक पण बाईचा हक्क मात्र धर्माप्रमाणे वेगळा, हे पटणं शक्यच नव्हतं. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मदनींनी शेजाऱ्याबरोबर राहण्याचा प्रश्न सोडवला, घरातला तसाच ठेवला.

किंमत मात्र त्यांनी पुरेपूर मोजली. १९४२ला पुन्हा तुरुंग, १९४४पर्यंत. १९४५-४६च्या निवडणुकीत लीगविरुद्ध गावोगाव फिरले, तेव्हा वय पासष्टच्या पुढे. स्टेशनांवर काळे झेंडे, शिव्या, धक्काबुक्की, आणि हे सगळं आपल्याच धर्माच्या तरुणांकडून. देवबंदमध्येही फूट पडली. शब्बीर अहमद उस्मानी लीगच्या बाजूनं गेले. निकाल काय लागला? मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या सगळ्या, म्हणजे ३० जागा लीगला. मतदानाचा हक्क तेव्हा थोड्याच लोकांना होता हे खरं, पण पराभव तो पराभव. आणि १९४७च्या जूनमध्ये ज्या काँग्रेसच्या बाजूनं त्यांनी हे सगळं सोसलं, त्या काँग्रेसनंच फाळणी मान्य केली.

इथं कुणीही म्हणालं असतं, माझं काम संपलं. मदनींचं खरं काम तेव्हा सुरू झालं. सहारनपूरच्या पट्ट्यात पंजाबातून निर्वासित येत होते, दंगली पेटत होत्या, मुसलमान गाठोडी बांधत होते. मोठमोठे धर्मगुरूही विचारात पडले होते, जावं की राहावं. मदनींनी सांगितलं, मी जाणार नाही. मग गावोगाव जाऊन लोकांना थोपवलं. आज पश्चिम उत्तर प्रदेशात जी मुस्लिम वस्ती आहे, देवबंद आणि सहारनपूरचे मदरसे आहेत, ते तिथं टिकले त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

पुढे त्यांनी पद मागितलं नाही. १९५४ला पद्मभूषण जाहीर झालं. ते त्यांनी स्वीकारलं नाही असं सांगतात. आत्मचरित्र लिहिलं, 'नक्श-ए-हयात'. त्यातही स्वतःपेक्षा इंग्रजांनी देश कसा लुटला याचंच वर्णन जास्त. ५ डिसेंबर १९५७ला देवबंदला गेले. गुरू महमूद हसन जिथं आहेत, त्याच कब्रस्तानात त्यांची कबर आहे.

१९४६च्या मतपेटीनं मदनींना नाकारलं. पण जे करोडो मुसलमान इथं राहिले, त्यांनी मदनींचं पुस्तक वाचलेलं असो वा नसो, ते जगले त्यांच्याच वाक्यावर. कौम वतनावरून बनते. हे वाक्य तेव्हा मुस्लिम लीगला पटत नव्हतं. आज ते कुणाकुणाला पटत नाही, याचा विचार आपला आपणच करायचा.