एका सर्व्हरवरचे दोन ‘इन्फो’

पुण्यातल्या छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर मी सांभाळू लागलो, तेव्हा प्रत्येक मालकाला पहिला पत्ता हवा असे तो ‘इन्फो’चा. बियाणेवाल्यालाही इन्फो, पंपवाल्यालाही इन्फो. डोमेन वेगळी, पण सर्व्हर एकच. आणि त्याच्यावर ‘इन्फो’ नावाचं अकाउंट एकदाच काढता येई.

याचं मूळ फार जुनं. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह घातलं, तेव्हा डावीकडे माणूस आणि उजवीकडे त्याचं यंत्र अशी सरळ वाटणी होती. एरिक ऑलमन यांचं टपाल पोचवणारं सेंडमेल १९८३ पासून बर्कलीच्या युनिक्सबरोबर पसरलं. त्यातही मेलबॉक्स म्हणजे यंत्रावरचं खरंखुरं अकाउंट: पासवर्ड फाइलीत एक ओळ, स्वतःची होम डिरेक्टरी, लॉगिन. विद्यापीठात ते ठीकच होतं, प्राध्यापक खरोखर त्या यंत्रावर काम करत. पुढे १९८६ मध्ये एमएक्स नोंदी ठरल्या. डोमेनचं टपाल कोणतं यंत्र घेईल हे डीएनएस ही इंटरनेटची नावांची वही सांगू लागली, म्हणजे उजवी बाजू यंत्रापासून सुटली. डावी मात्र तिथेच अडकलेली.

मग आमची तडजोड. सेंडमेलच्या व्हर्चुअल युजर टेबलात लिहायचं, बियाण्यांचा इन्फो म्हणजे आतला ‘बीजइन्फो’, पंपांचा तो ‘पंपइन्फो’. ग्राहकाला पत्ता एक सांगायचा आणि लॉगिन दुसरं. फोन यायचाच: “अहो, मग माझा खरा ईमेल कोणता?” उत्तर देताना मलाच लाज वाटे. शिवाय ज्याला फक्त पत्रं वाचायची, त्याचं नाव विनाकारण पासवर्ड फाइलीत, आणि चोराला अंदाज करायला आणखी एक पासवर्ड.

वित्से व्हेनेमा यांनी सेंडमेलऐवजी वापरायला आयबीएममध्ये लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ च्या शेवटी बाहेर आलं. त्याची सेटिंगची फाइल माणसाला वाचता येत होती, हेच मला आधी आवडलं. सेंडमेलची फाइल पाहून भले भले हात जोडत. पण खरी गंमत पुढे कळली. पोस्टफिक्स पत्त्यांची यादी बघतं, ती साध्या फाइलीतली आहे की मायएसक्यूएलच्या टेबलातली, याची त्याला फिकीर नाही. पत्र दारात आलं की ते डेटाबेसला विचारतं: हे डोमेन आपलं? हा मेलबॉक्स आहे? की दुसरीकडे पाठवायचा टोपणपत्ता आहे? यातलं काहीच सापडलं नाही, तर पत्र दारातूनच परत. आत घेऊन मग खोट्या पाठवणाऱ्याला नकार कळवण्याचा उपद्व्याप त्यामुळे वाचतो.

आता सगळी पत्रं ‘व्हीमेल’ नावाच्या एकाच अकाउंटच्या मालकीची, डोमेनवार फोल्डरांत. ग्राहकाला त्याचा मेलबॉक्स उघडून देणारं, २००२ मध्ये आलेलं डव्हकॉट त्याच टेबलातून पासवर्ड तपासतं. लॉगिन म्हणजे पूर्ण पत्ता, त्यामुळे दोन्ही इन्फो सुखाने नांदतात.

त्यात आमचा मान मात्र गेला. पूर्वी अकाउंट काढायला रूटचा पासवर्ड लागे, म्हणजे मी लागे. टेबलावर एक वेबपान चढवलं आणि पंपवाल्यांच्या हिशेबनीस बाई स्वतःच नवे पत्ते काढू लागल्या. माझ्यापेक्षा नीट काढायच्या. कंपनी सोडून गेलेल्यांचे आठवणीने बंदही करायच्या.