मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा

लेकरे पळवणारी माणसे गावात शिरली आहेत, ही अफवा महाराष्ट्रात मोबाइलच्या कितीतरी आधीपासून फिरत आली आहे. तिचे जुने रूप मोमियाईचे. पळवलेल्या मुलाला उलटे टांगतात, खाली जाळ करतात आणि अंगातून गळणाऱ्या तेलाचे औषध बनवतात, अशी ती धास्ती होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हीच धास्ती इस्पितळांना चिकटली आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. रोग्यांना घरातून बळजबरीने उचलून नेत होते, त्यातले बरेच परत येत नव्हते. अफवेला याहून वेगळा पुरावा लागला नाही.

२०१८ मध्ये मुले पळवण्याच्या अफवेला पुरावा व्हॉट्सॲपने पुरवला. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, ही चित्रफीत त्या उन्हाळ्यात देशभर फिरली. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेची, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कापला की जाहिरात गुन्ह्याचा पुरावा होते. सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात दगावलेल्या मुलांची छायाचित्रेही अवयव काढून नेल्याचा दाखला म्हणून पसरवली गेली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारचा बाजार होता. मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे ठरवले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारले. बळी कोण ठरले, हे विसरता येत नाही: भटक्यांवरचा जुना संशय आधीच तयार होता, मोबाइलने त्याला फक्त मुहूर्त दिला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

संदेशाचा वेग असा कमी झाला, पण त्यावरचा विश्वास कमी करायला माणसेच लागली. तेलंगणातील गदवाल जिल्ह्याच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावोगाव पोलीस आणि लोककलावंत पाठवून गाण्यांतून अफवा समजावल्या. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्येच सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू झाले. संदेश मुळात कोठून आला, चित्रफीत सुरुवातीला किंवा शेवटी कापली आहे का, जागा आणि तारीख सांगितली आहे का, त्यातले एखादे चित्र इंटरनेटवर शोधले तर जुने निघते का, हे प्रश्न विचारायला मुलांना शिकवता येते. कराचीची चित्रफीत यातल्या दुसऱ्याच प्रश्नावर उघडी पडते.

किनवटसारख्या तालुक्यात या शिक्षणाला भाषेची बाजूही आहे. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला आणि भाषावार पुनर्रचनेत नांदेडला जोडलेला हा तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. येथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलणारी घरे शेजारी नांदतात. हिंदीत किंवा तेलुगूत आलेला संदेश घरच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगणारे बहुधा शाळा-आश्रमशाळेतले पोरच असते. म्हणून हे प्रश्न आधी त्याच्या हाती द्यावे लागतात, आणि ते गोंडी-कोलामीत विचारण्याचा सरावही शाळेतच करून घ्यावा लागतो.