नायट्रिक ऑक्साइड व सस्तन अंडकोशिकेचे परिपक्वन

बहुसंख्य सस्तन प्राण्यांत मादीच्या जन्मापूर्वीच अंडकोशिकांचे अर्धसूत्रण (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) सुरू होऊन मध्येच थांबते. स्त्रीमध्ये ही स्थगिती कित्येक वर्षे टिकते. वयात आल्यावर पोष ग्रंथीच्या पीतपिंडकारी हॉर्मोनामुळे हे विभाजन पुढे सरकते. यास परिपक्वन म्हणतात. त्याशिवाय अंडकोशिका फलनक्षम होत नाही.

इतिहास : ग्रेगरी पिंकस व ई. व्ही. एन्झमान यांनी १९३५ मध्ये सशाच्या अंडकोशिका अंडपुटकातून काढून संवर्धनद्रवात ठेवल्या असता त्यांचे विभाजन हॉर्मोनाविना आपोआप सुरू झाले. यावरून अंडकोशिकेस थोपवून धरणारा घटक सभोवतालच्या पुटकात असावा, असे अनुमान निघाले. मानवी अंडकोशिकाही शरीराबाहेर परिपक्व होतात, मात्र त्यांस दीड दिवसाहून अधिक काळ लागतो, असे रॉबर्ट एडवर्ड्‌स यांनी १९६५ मध्ये दाखविले.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू दीर्घकाळ मुख्यत्वे प्रदूषक म्हणून परिचित होता. शरीरात आर्जिनीन या ॲमिनो अम्लापासून तयार होणारा हा वायू रक्तवाहिन्या शिथिल करणारा संदेशवाहक आहे, हे सिद्ध करणाऱ्या संशोधनाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जॅब्लॉन्का-शरीफ व ओल्सन यांनी हा वायू बनविणाऱ्या एका एंझाइमाचा अभाव असलेल्या उंदरांत अंडमोचन घटते व अंडकोशिकांच्या अर्धसूत्रणात दोष उद्‌भवतात, असे नोंदविले.

कार्य : पुढील प्रयोगांत या वायूचे कार्य दुहेरी आढळले. अल्प प्रमाणात तो परिपक्वनास साहाय्य करतो, तर जादा प्रमाणात ते रोखतो. तो चक्रीय जीएमपी या रेणूची निर्मिती वाढवितो. पुटककोशिकांतून अंडकोशिकेत शिरणारा हा रेणू चक्रीय एएमपीचे विघटन होऊ देत नाही व विभाजन थांबलेले राहते. तथापि या रेणूचा प्रमुख पुरवठा पुटककोशिकांतील एका पेप्टाइडाच्या प्रेरणेने होतो, असे २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनातून स्पष्ट झाले. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड हा एकमेव नियंत्रक नसून अनेकांपैकी एक ठरतो.

महत्त्व : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी इंदिरा हिंदुजा व टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी परीक्षानलिका-बालकाचा जन्म झाला. या उपचारात सामान्यतः हॉर्मोने देऊन अंडकोशिका शरीरातच परिपक्व केल्या जातात. गाईंच्या बाबतीत मात्र सुईने शोषून घेतलेल्या अपक्व अंडकोशिका प्रयोगशाळेत सु. २४ तास वाढवाव्या लागतात. अशा अंडकोशिकांपासून मिळणाऱ्या भ्रूणांचे प्रमाण शरीरात परिपक्व झालेल्यांच्या तुलनेने कमी असते. बीड जिल्ह्याच्या परळी परिसरात व नांदेड, लातूर, परभणी जिल्ह्यांत पाळल्या जाणाऱ्या लाल कंधारीसारख्या देशी वंशांचे जतन या पद्धतीने करावयाचे झाल्यास, संवर्धनद्रवातील अशा संदेशवाहकांचा समतोल साधणे आवश्यक ठरते.