अरुणा शानबाग ते वैद्यकीय इच्छापत्र : एक थ्रेड

१/ २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अचेतन झाल्या.

२/ २००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची अनुमती सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला. अरुणांची इच्छा मात्र कोठेही लिहिलेली नव्हती.

३/ ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली गेली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला; तरी उच्च न्यायालयाच्या संमतीने निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचे निधन झाले.

४/ ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ म्हणजे वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या स्वाक्षरीची अट २०२३ मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

५/ एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. वसई-विरार शहरात ही संस्था म्हणजे महानगरपालिका. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासतात. अरुणांच्या खटल्यात नसलेला पुरावा, रुग्णाचा स्वतःचा शब्द, आता त्यांच्यासमोर असू शकतो.