पारिजातक वठलेला नाही, विसावला आहे!

पिंपरी : पहाटे अंगणात पांढऱ्या-केशरी फुलांचा सडा घालणारा पारिजातक पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात हौसेने लावला जातो. मात्र, उन्हाळ्यात पाने गळून फांद्या उघड्या पडल्या, की झाड वठले असे समजून ते तोडण्याची घाई होते. पारिजातक मुळातच पानझडी आहे. पाण्याच्या टंचाईत तग धरण्यासाठी तो पाने गाळतो. शंका असल्यास फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा थर दिसल्यास झाड जिवंत आहे.

ओळख
पारिजातक अर्थात प्राजक्त हा जाई-जुईच्याच कुळातील. लिनियसने १७५३ मध्ये त्याला दिलेल्या 'निक्टॅन्थस आर्बर-ट्रिस्टिस' या नावाचा अर्थ 'रात्री फुलणारे दुःखी झाड' असा होतो. सायंकाळी उमललेली फुले पहाटे गळतात. फुलांच्या केशरी देठांपासून पूर्वी वस्त्रे रंगवीत. पाने खरखरीत, तर फळे चपटी व दोन बियांची असतात.

लागवड
पावसाळ्याच्या प्रारंभी दीड ते दोन फुटांचा खड्डा घ्यावा. नव्या सोसायट्यांच्या आवारात मुरूम व बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो. तो काढून पोयटा माती व शेणखत भरावे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे वाळू मिसळावी. जागा उन्हाची असावी. भिंतीपासून सहा-सात फूट अंतर ठेवावे.

पाणी व छाटणी
निष्पर्ण अवस्थेत रोज पाणी घालू नये, मुळे कुजतात. माती कोरडी झाल्यावरच बेताने पाणी द्यावे. औद्योगिक पट्ट्यात पानांवर धूळ साचते. अधूनमधून फवारा मारून ती धुवावी. फुले त्या वर्षीच्या नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी बहर ओसरल्यावर, पालवी फुटण्यापूर्वी करावी. श्रावणाच्या तोंडावर छाटल्यास तो बहर हातचा जातो. केसाळ अळ्या दिसल्यास ती पाने काढून नष्ट करावीत.

जुने झाड खरोखरच वाळले असले, तरी ते परस्पर तोडू नये. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरी भागात वृक्षतोडीस वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. त्याआधी एक पावसाळा वाट पाहावी; बहुधा पालवीच उत्तर देते.