पिकल्या केळ्याचें आयुष्य

पिकलेलें केळें कोणाचीहि वाट पाहत नाहीं. धान्य कणगींत वर्षभर राहतें, कैरी लोणच्यांत मुरते, चिंच मीठ लावून मडक्यांत भरून ठेवतां येते. परंतु केळ्यांचा घड एकदां पिकूं लागला, कीं चार दिवसांत घरच्या माणसांनीं तो संपवावा, नाहीं तर शेजारींपाजारीं वाटावा. उरेल तें गुरांपुढें जावयाचें. फळ स्वस्त असलें, तरी जेथें पैसा मोजून खर्च होतो तेथें एवढी नासाडीहि मनाला लागते. या अल्पायुषी फळाचें आयुष्य वाढविण्यासाठीं माणसानें ज्या खटपटी केल्या, त्यांची हकीगत म्हणूनच बोधप्रद आहे.

या खटपटींत माणसाचा सर्वांत जुना सोबती म्हणजे ऊन. वसई आणि आगाशी या भागांत राजेळी केळीं पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हांत वाळवितात व त्यांचीं सुकेळीं करितात. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत आगाशीच्या सुक्या केळ्यांचा गौरवानें उल्लेख आलेला आहे. पिकल्या केळ्याच्या गरांत सुमारें तीन चतुर्थांश पाणी असतें. ऊन तें पाणी ओढून घेतें, साखर दाट होते आणि नासवणाऱ्या जंतूंना वाढण्यापुरता ओलावा उरत नाहीं. परंतु सुकेळें हा स्वतंत्र मेवा झाला. शिकरणीला किंवा प्रसादाच्या शिऱ्याला जो मऊ, ओला गर हवा असतो, तो त्यांतून परत मिळत नाहीं.

तो गर जसाचा तसा राखावयाचा, तर उन्हाच्या उलट दिशेला जावें लागतें. थंडीची आवड हिंदुस्थानाला नवीन नव्हती. सोऱ्याच्या साहाय्यानें पाणी गार करण्याची युक्ति 'ऐन-इ-अकबरी'मध्यें वर्णिली आहे. १८३३ सालीं बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास पाठविला. पुढें मुंबई व मद्रास येथेंहि बर्फघरें उभीं राहिलीं. पण वितळणारा बर्फ शून्य अंशापाशींच थांबतो. तो सरबत गार करील. फळाचा गर गोठवून महिनोन् महिने टिकविण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं.

इकडे केळें समुद्र ओलांडूं लागलें होतें. १८७० सालीं लोरेंझो डो बेकर या अमेरिकन कप्तानानें जमेकाहून १६० घड न्यू जर्सीच्या किनाऱ्यास नेऊन विकले. ज्या देशांत हें फळ पिकत नाहीं, तेथें तें घरोघरीं जाऊन पोंचलें, तें पुढें जहाजांत गार कोठारें बांधलीं गेल्यामुळें. या व्यापारांत एक गोष्ट व्यापाऱ्यांना लवकरच उमगली. केळें हें उष्ण प्रदेशाचें लेंकरूं आहे. सुमारें १३ अंश सेंटिग्रेडच्या खालीं कच्चें केळें ठेवलें, तर त्याच्या सालीच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि पुढें तें नीट पिकत नाहीं. म्हणून केळें गार ठेवावें, पण फार गार ठेवूं नये, हा त्या धंद्याचा दंडक ठरला.

१९४४ सालीं युनायटेड फ्रूट कंपनीनें अमेरिकेच्या रेडिओवर चिकिता नांवाच्या केळेसुंदरीच्या तोंडीं एक गाणें घातलें. केळीं केव्हां खावींत हें सांगून तीं शीतकपाटांत कधींहि ठेवूं नयेत, अशी ताकीद तें गाणें देई. तें अतिशय लोकप्रिय झालें. कच्च्या केळ्यापुरता हा उपदेश खराच होता. पण 'थंडी म्हणजे केळ्याची वैरीण' एवढेंच त्यांतून मनावर ठसण्याजोगें होतें. वास्तविक पूर्ण पिकलेलें केळें शीतकपाटांत ठेवलें, तर साल काळी पडते, आंतला गर मात्र कांहीं दिवस चांगला राहतो. केवळ सालीचा रंग पाहून फळ टाकून देणें, हा त्यावर अन्याय होय.

याच सुमारास गोठविण्याची विद्या प्रौढ होत होती. क्लेरन्स बर्डसाय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ ते १९१५ या काळांत लॅब्राडोरच्या हिमप्रदेशांत राहिला होता. तेथील मूळ रहिवासी मासा बर्फाबाहेर काढीत, तोंच तो भयंकर थंडीनें गोठून जाई, आणि महिन्यांनंतर शिजविला तरी ताजा लागे. हळूहळू गोठवलें तर पाण्याचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात. झपाट्यानें गोठवलें तर स्फटिक बारीक राहतात, हें त्यांतलें मर्म. बर्डसायनें त्यावर यंत्रें रचलीं, आणि ६ मार्च १९३० रोजीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरीं गोठवलेल्या जिनसांची किरकोळ विक्री सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही शक्ति अमेरिकेंत घरगुती कपाटांतहि उतरली.

आतां पिकलेलें केळें तिच्या हवालीं करणें सोपें झालें. पिकण्याच्या क्रियेंत पिष्टाची साखर झालेली असते. म्हणून गोठवावयाचें तें पुरतें पिकलेलेंच. कच्चें गोठवलें तर तें पुढें पिकावयाचें नाहीं. साल आधीं काढावी, कारण गोठलेली साल गराला चिकटून बसते. चकत्या करून ताटांत सुट्या पसरून गोठवाव्या व मग हवाबंद डब्यांत भराव्या, म्हणजे त्यांचा एकच गोळा होत नाहीं. हवेंतील प्राणवायूमुळें गर तपकिरी होतो. लिंबाचा थोडा रस त्याला आळा घालतो. उणें १८ अंशांवर असा गर दोन-तीन महिने चवीला उत्तम राहतो. घरच्या कपाटांत गोठण्याची क्रिया मंद असल्यानें कांहीं पेशी फाटतातच, आणि वितळल्यावर गर लिबलिबीत होतो. तो पानांत वाढण्याजोगा नसला, तरी शिकरण, शिरा वा गुलगुले यांत त्याचा हा दोष दिसूनहि येत नाहीं. तेथें केळें कुस्करावयाचेंच असतें.

भारतांत गोदरेजनें १९५८ सालीं शीतकपाटें बनविण्यास आरंभ केला, आणि पुढील पिढ्यांत तीं मध्यम स्थितींतील घरांतहि आलीं. तरीहि गोठवलेला गर विजेच्या हवालीं असतो. वीज बराच वेळ गेली, कीं महिन्याची बेगमी एका दिवसांत वाहून जाते. आगाशीच्या सुकेळ्याला अशी धास्ती नाहीं. त्याला ऊन लागतें, हात लागतात आणि सवड लागते. शीतकपाट सवड वांचवितें व त्याचें मोल विजेच्या बिलांत घेतें. ज्या घरीं जें असेल, त्यानें तें वापरावें. उन्हानें किंवा शीतानें, केळें वांचलें म्हणजे शेतकऱ्याच्या श्रमांचा एक घास वांचला.