चिखलात अडलेली रायफल

साल १९४०, हिवाळा तोंडावर. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या फायरिंग रेंजवर तुम्ही पालथे पडला आहात. अंगावर अमेरिकन मरीनचा गणवेश. युरोप युद्धात होरपळतोय, अमेरिका अजून बाहेर आहे. मरीन कोअरला ठरवायचंय, बोल्टची जुनी १९०३ मॉडेल स्प्रिंगफिल्डच ठेवायची की सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची. उमेदवार तीन: गॅरंड, जॉन्सन आणि विंचेस्टर.

तुमच्या वाट्याला गॅरंड आलीय. सव्वाचार किलोंचं धूड. आठ काडतुसांची क्लिप अंगठ्याने वरून दाबा आणि अंगठा झटक्यात काढा. बोल्ट पुढे येताना कुणाची गय करत नाही. नेम धरा, चाप ओढा. खांद्याला दणका बसतो. रिकामी पुंगळी केव्हाच उडालेली असते आणि पुढचं काडतूस नळीत बसलेलंही असतं. गोळीमागचा थोडा वायू नळीखालच्या दट्ट्याला मागे रेटतो, त्यानेच बोल्ट उघडतो. परतीचं काम स्प्रिंगचं. तुम्ही फक्त पुन्हा चाप ओढायचा, गाल दस्त्यावरून हलवायचाही नाही. आठवी गोळी सुटली की क्लिप टिंग करून बाहेर पडते. तोवर शेजारचा स्प्रिंगफिल्डवाला दर गोळीला बोल्ट उचलतोय, ओढतोय, ढकलतोय, दाबतोय. आणि पाच गोळ्या झाल्या की पुन्हा भरतोय.

(याच युद्धात पुढे इटलीत लढलेल्या मराठा पलटणींकडे बोल्टचीच ली-एनफिल्ड होती. १९६२ साली चीनसमोरही आपले जवान ली-एनफिल्ड घेऊनच उभे राहिले.)

आता खरी परीक्षा. रायफल चिखलात लोळवा, वरवर पुसा आणि झाडा. तुमची गॅरंड अडते. बोल्ट हाताने हलत नाही, शेवटी तुम्ही टाचेने लाथ घालता. शेजारची स्प्रिंगफिल्ड कुरकुरत का होईना, चालते. कारण साधं आहे. वायूचा जोर ठरलेला असतो. वैतागलेला माणूस मात्र बोल्टला हवा तेवढा हिसका देतो.

परीक्षकांनी कागदावर खरं तेच लिहिलं: चिखलात आणि खाऱ्या पाण्यात भरवशाची स्प्रिंगफिल्ड, सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सरस गॅरंड. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी असा अहवाल हाती असताना १९४१ मध्ये गॅरंड स्वीकारली. मला हा निर्णय धाडसी वाटतो, आणि बरोबरही. चिखल पुसता येतो; बोल्ट ओढण्यात गेलेला वेळ शत्रू परत देत नाही.

पण कारखान्यांतून रायफली यायला वेळ लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये मरीन पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर उतरले ते स्प्रिंगफिल्ड घेऊनच. ऑक्टोबरात अमेरिकी भूदलाची १६४वी रेजिमेंट गॅरंड घेऊन तिथे पोचली, आणि मरीन जवान संधी मिळेल तिथे त्या गॅरंड लांबवू लागले.